शफल आणि प्लेलिस्ट: गाण्याच्या अ‍ॅपनी आपल्या गाण्यांसाठी काय सुधारायला हवं?

गोरेगाव_लोकल

नमस्कार मंडळी,

कुठलं अ‍ॅप चांगलं आणि कुठलं स्वस्त यावर इथे भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते शफलवर आणि गाण्यांच्या मांडणीवर.

माझी एक मोठी प्लेलिस्ट आहे, सहाशेच्या आसपास गाणी असतील. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, जुनी हिंदी, थोडं शास्त्रीय आणि मुलीनं घातलेली नवीन मराठी गाणी. ऑफिसला जाता-येता हीच लावतो, शफल दाबून. सहाशे गाण्यांतून निवड होत असताना तीच ती गाणी वारंवार कशी येतात? काही गाणी यादीत आहेत हेच मी विसरलोय, इतकी ती लागत नाहीत. आशाबाई सुरू झाल्या की लागोपाठ आशाबाईच. आणि सगळ्यात जास्त त्रास होतो तो शास्त्रीयचा. विलंबित (संथ) ख्याल संपतो, द्रुत (जलद) सुरू व्हायला हवा, मन त्या लयीला तयार झालेलं असतं, आणि कानात एकदम ढोलकी.

अ‍ॅपवाल्यांना सूचना पाठवायची सोय असते. नुसतं 'शफल सुधारा' लिहून काही होणार नाही. नेमकं काय मागायचं हे इथल्या जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड

चांगला विषय. आधी गणिताचं बघू, कारण तुमच्या पहिल्या दोन तक्रारींत अ‍ॅपचा दोष वाटतो तितका नाही.

शफल म्हणजे पत्ते पिसणं. संगणकावर यासाठी वापरतात ती पद्धत फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी दिली होती. १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डनं ती संगणकाला सोयीची करून मांडली. यादीच्या तळाशी उभं राहायचं, तळाच्या गाण्यासकट वरच्या सगळ्यांतून एक चिठ्ठी काढायची, जे गाणं निघेल त्याची तळाच्या गाण्याशी अदलाबदल करायची आणि एक घर वर सरकायचं. वरपर्यंत पोचलात की यादी पिसून झाली. यात प्रत्येक क्रम निघण्याची शक्यता अगदी सारखी असते.

पण सारखी शक्यता म्हणजे समान अंतर नव्हे. ५० गाण्यांत एका गायिकेची १० गाणी असतील, तर तिची दोन गाणी लागोपाठ येण्याचे प्रसंग सरासरी १.८. हिशोब सोपा आहे: १० गुणिले ९ भागिले ५०. १०० गाण्यांत २० असतील तर ३.८. म्हणजे एकदाही लागोपाठ आली नाहीत, तरच नवल मानायला हवं. आपल्या मनाला मात्र यदृच्छा म्हणजे 'सगळं नीट पसरलेलं' असं वाटतं, म्हणून शंका येते.

आता तीच ती गाणी का, ते. समजा ६०० गाणी आहेत आणि एका प्रवासात १५ ऐकून होतात. पुन्हा न पिसता पुढे जात राहिलात तर ४० फेऱ्यांत प्रत्येक गाणं बरोबर एकदा येईल. पण आपण काय करतो? गाडीत चढलो की नव्यानं शफल दाबतो. दर वेळी नवा डाव, मागचा हिशोब रद्द. मग ४० फेऱ्यांनंतर सुमारे २१८ गाणी एकदाही लागलेली नसतात, आणि ४५-५० गाणी तीन किंवा त्याहून जास्त वेळा लागलेली असतात. हे पूर्ण प्रामाणिक शफलमध्ये होतं, कुणी काही ढकललेलं नसताना.

म्हणून माझी पहिली मागणी: शफलला स्मरण हवं. परवा ऐकलेलं गाणं आज मागच्या बाकावर बसावं आणि महिनाभर न लागलेल्याला पुढे जागा मिळावी. हे अवघड अजिबात नाही. ऐकल्याची नोंद अ‍ॅपकडे असतेच, वर्षाअखेरीला तुमचा लेखाजोखा रंगीत करून तेच दाखवतात ना!

बोरिवली_स्लो

२१८ चा आकडा वाचून थक्क. महिन्याचे कामाचे दिवस धरले तर ४० फेऱ्या म्हणजे साधारण एक महिनाच की.

पण मला एक विचारायचंय. माझ्या यादीत नसलेली गाणीसुद्धा मध्येच लागतात. तेही गणितच का?

आकडेमोड

@बोरिवली_स्लो, नाही, ते वेगळं. स्पॉटिफायनं मार्च २०२३ मध्ये 'स्मार्ट शफल' आणलं. त्यात तुमच्या यादीत अ‍ॅपच्या शिफारशीची गाणी मिसळली जातात. ते बंद करून साधं शफल निवडता येतं. बाकीच्या अ‍ॅपमध्येही यादी संपली की 'ऑटोप्ले'नं तसलीच गाणी पुढे सुरू होतात. ते सेटिंगमधून बंद करता येतं.

शफलमध्ये मुद्दाम फेरफार करण्याचा इतिहास जुना आहे. आयपॉडवर एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात अशा तक्रारी इतक्या झाल्या की २००५ मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये ती शक्यता कमी-जास्त करायची सोय दिली. थोडक्यात, यदृच्छा कमी केली तेव्हा लोकांना ती खरी वाटू लागली. २०१४ मध्ये स्पॉटिफायनंही आपल्या तांत्रिक ब्लॉगवर लिहिलं की लोकांना साधं पिसणं पटत नाही, म्हणून पद्धत बदलली. मार्टिन फीडलर यांच्या २००७ च्या एका लेखावरून त्यांनी कल्पना घेतली होती: एका गायकाची चार गाणी असतील तर ती यादीभर साधारण पंचवीस टक्क्यांच्या अंतरानं पसरायची, प्रत्येकाला थोडा इकडे-तिकडे धक्का द्यायचा, म्हणजे क्रम ठोकळेबाज वाटत नाही. आत पुन्हा अल्बमनुसार तेच.

म्हणजे लागोपाठ येण्यावर उपाय केव्हाचा सापडलेला आहे.

सूरपेटी

आकडेमोड यांनी फार सुरेख समजावलं. पण मला वाटतं खरी गाठ इथेच आहे. गायकानुसार पसरायचं तर गायक कोण हे अ‍ॅपला ठाऊक हवं. आपल्या गाण्यांच्या बाबतीत ते त्याला ठाऊक नसतं.

मी गाणं शिकवते. क्लाससाठी याद्या करताना या नोंदींशी रोज झटापट होते. भावगीताची ओळख आपल्याकडे तीन नावांनी होते: गीत, संगीत, स्वर. आकाशवाणीवर ही तिन्ही नावं निवेदक सांगतच. अ‍ॅपमध्ये ठळक रकाना एकच, 'आर्टिस्ट'. त्यात कधी गायिका असते, कधी संगीतकार, कधी स्वल्पविराम देऊन चौघं, कधी नुसतंच 'विविध कलाकार'. सुधीर फडके हे नाव दिसलं तर बाबूजी गायलेत की त्यांची चाल आहे? दोन्ही शक्य आहे. हृदयनाथ मंगेशकरांचंही तेच. लतादीदींनी साठच्या दशकात काही मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं. यंत्राला आनंदघन आणि लता मंगेशकर ही दोन माणसं वाटणार. श्रीनिवास खळे, यशवंत देव यांच्या चाली तर अरुण दाते, लताबाई, आशाबाई अशा कुणाकुणाच्या नावाखाली विखुरल्या आहेत. मला 'खळेकाकांच्या चाली' अशी यादी हवी असेल तर एकेक गाणं आठवून हातानं भरावं लागतं.

त्यात नावाची चार रूपं. 'पंडित भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी', शिवाय इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार. नोंदी जुळवलेल्या नसतील तर यंत्र त्यांना वेगवेगळे गायक समजणार आणि तिघांना शेजारी शेजारी बसवून 'बघा, किती छान पसरलं' म्हणणार. गोरेगाव, तुमच्या लागोपाठ आशाबाईंचं उत्तर कदाचित इथे सापडेल: एका गाण्यावर संगीतकाराचं नाव, दुसऱ्यावर 'विविध कलाकार', तिसऱ्यावर खुद्द आशाबाई.

आपल्याकडे हे काम नीट झालेलं नाही असं मात्र नाही. 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ उघडून बघा. गीतकार, संगीतकार, गायक, राग, गीतप्रकार, कशावरूनही गाणं शोधता येतं. प्रेमानं केलेल्या एका संकेतस्थळाला जे जमलं ते एवढ्या मोठ्या कंपन्यांना का जमू नये, हा माझा कळकळीचा प्रश्न आहे. अ‍ॅपलनं २०२३ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी वेगळं अ‍ॅपच काढलं, कारण तिथेही 'आर्टिस्ट' या एका रकान्यात रचनाकार, संचालक, वादक, रचना हे मावत नव्हतं. आपला ख्याल तरी त्या रकान्यात कसा मावेल? राग, ताल, बंदिश, साथीला कोण, यातलं काहीच नसतं. असलंच तर गाण्याच्या नावात कोंबलेलं.

सूरपेटी

मघाशी राहिलं. विलंबित-द्रुत तुटण्याबद्दल.

अ‍ॅप ट्रॅक हे एकक धरून पिसतं. आपल्या संगीतात ट्रॅक म्हणजे पुष्कळदा अर्धीच गोष्ट. बडा ख्याल आणि छोटा ख्याल, आलाप-जोड-झाला, हे जोडून ऐकायचे. 'गीतरामायण' घ्या. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं सादर झाली, गदिमांनी कथेच्या ओघात लिहिली. ती पिसली तर वनवासाआधीच लंका. आणि भैरवी! मैफलीची सांगता भैरवीनं करायची ही रीत. शफलमध्ये भैरवी पहिलीच लागली की माझ्यासारखीला उठून जावंसं वाटतं. भजनातही पसायदान शेवटी.

परळ_नाका

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि राग मानू नये.

मला शफल पूर्ण बेभरवशाचंच हवं. अभंगामागून कोळीगीत आलं तर दोन्ही ताजी वाटतात. लहानपणी रेडिओवर 'आपली आवड' लागायचं तेव्हा पुढचं गाणं कुठलं हे कुठे माहीत असायचं? त्या न माहीत असण्यातच मजा होती. अ‍ॅप जर मूड बघून, गायक बघून, वेळ बघून सगळं गुळगुळीत करत बसलं तर सकाळी सात ते नऊ मला फक्त भक्तिगीतंच ऐकवील. नको ते.

सूरपेटी

@परळ_नाका, राग कसला! पण 'आपली आवड'मधली गाणी पिसून लावत नव्हते हो. पत्रं श्रोत्यांची, तरी क्रम लावणारा माणूस बसलेला असायचा. एक विरहगीत झालं की लगेच दुसरं लावायचं नाही, याची त्याला जाण होती. तुम्हाला जे बेभरवशाचं वाटलं ते कुणीतरी विचारपूर्वक रचलेलं होतं.

आकडेमोड

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ही निवड ऐकणाऱ्याच्या हातात हवी. एफएम केंद्रांच्या क्रम लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये असे नियम कित्येक दशकांपासून आहेत: एका गायकाच्या दोन गाण्यांत किमान इतकं अंतर, दोन संथ गाणी लागोपाठ नकोत, वगैरे. तेच दोन-तीन नियम श्रोत्याला चालू-बंद करता यावेत. परळ सगळे बंद ठेवतील.

मंडळाचा_स्पीकर

ठाण्याहून. आमच्या सोसायटीच्या गणपतीत साउंड मी बघतो, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा.

आरत्यांचा क्रम ठरलेला असतो. 'सुखकर्ता दुःखहर्ता', मग शंकराची, देवीची, विठ्ठलाची, नंतर 'घालीन लोटांगण' आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. हे अ‍ॅपवर लावायचं म्हणजे छातीत धडधड, कारण दुपारी कुणीतरी शफल चालू करून गेलेलं असतं आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. शफलचं बटण यादीगणिक वेगळं लक्षात ठेवायला हवं. 'आरत्या' या यादीला कुलूप: ही कधीच पिसायची नाही.

क्रम बरोबर असला तरी पुढची अडचण राहतेच. गणपतीची आरती संपते, शंकराची सुरू होते, या दोन ट्रॅकच्या मध्ये दीड-दोन सेकंद शांतता पडते. टाळ वाजवणारी पोरं तिथे थांबतात. हात खाली येतात. पुढची ओळ सुरू झाली की पुढचे उचलतात, मागचे दोन शब्द उशिरा, आणि धृपदापर्यंत दोन तट पडलेले असतात. क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) लावून बघितला तर पहिल्या आरतीचा शेवटचा 'जय देव जय देव' पुढच्या सुरुवातीवर चढतो, ते त्याहून वाईट. शेवटी ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या आरत्या जोडून एकच फाइल केली, मधली शांतता अर्ध्या सेकंदावर आणली, आवाज सारखा केला. पेनड्राइव्हवर ती फाइल. उत्सवात अ‍ॅप बंद.

आवाजाचंही बोलायला हवं. जुनं ध्वनिमुद्रण हळू, नवीन चित्रपटाचं गाणं एकदम कानठळ्या. अ‍ॅपमध्ये 'व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन' असतं, स्पॉटिफायचं ठरलेलं माप वजा १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक). ते चालू ठेवा, फरक पडतो. पण अगदी जुन्या, ७८च्या तबकडीवरून घेतलेल्या गाण्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते. त्याला इलाज मूळ प्रत नीट साफ करणं हाच.

जुनी_सीडी

ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइली आहेत त्यांच्यासाठी लिहितो, कारण इथे मागितलेल्या बऱ्याच गोष्टी जुन्या प्लेअरमध्ये आहेत.

फूबार२००० मध्ये 'रँडम', 'शफल ट्रॅक', 'शफल अल्बम', 'शफल फोल्डर' असे वेगवेगळे पर्याय आहेत. विलंबित आणि द्रुत एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरनुसार शफल करा, जोडी तुटणार नाही. 'रँडम' मात्र टाळा. त्यात दर गाण्याला नवी चिठ्ठी, आधीची चिठ्ठी परत डब्यात. १०० गाण्यांची यादी तशी पूर्ण ऐकून व्हायला सरासरी ५१९ गाणी वाजावी लागतात.

फोनवर पॉवरअँपमध्येही फोल्डर किंवा अल्बम पिसायचे, आतली गाणी क्रमानं, असं करता येतं. आयट्यून्समध्ये एकेका गाण्यावर 'शफल करताना वगळा' अशी खूण होती. भैरवीवर आणि मंत्रपुष्पांजलीवर तीच करून ठेवायची.

आणि ताई, तुमच्या तीन नावांसाठी एमपी३ फाइलमध्ये रकाने आहेत. आयडी३ या, फाइलमध्ये गाण्याची माहिती साठवायच्या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत गायक, संगीतकार आणि गीतकार यांना वेगवेगळी जागा आहे, देवनागरीही चालते. म्हणजे जागा केव्हापासून तयार आहे. भरणारा हवा.

गोरेगाव_लोकल

सर्वांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सूचनेचा मजकूर असा करतोय. पहिल्यांदा नोंदींबद्दल: गीतकार, संगीतकार, गायक वेगळे दाखवा, त्यांवर शोधता येऊ द्या, शास्त्रीयला राग आणि ताल. मग शफलला स्मरण. मग दोन ट्रॅक जोडायची सोय. शेवटी यादीला कुलूप. चालेल?

सूरपेटी

क्रम बदला असं सुचवते. जोडणी पहिली मागा. नोंदी सुधारायच्या तर ध्वनिमुद्रिका कंपन्यांना हात घालावा लागणार, हजारो जुन्या गाण्यांची नावं तपासायची, ते एका सूचनेनं होणार नाही. जोडणीला कंपनीची परवानगी नको, राग ठाऊक असायला नको. मी माझ्या यादीत विलंबित आणि द्रुत निवडून 'हे एकत्र' म्हणेन, अ‍ॅपनं एवढंच पाळायचं. माहिती आम्ही देतो, तुम्ही फक्त ती जपा.

आकडेमोड

पूर्ण सहमत. तांत्रिक बाजूनंही हे सोपं आहे: पिसताना जोडीला एकच पत्ता धरायचं आणि वाजवताना उलगडायचं. स्मरण दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, तेही अ‍ॅपच्याच हातातलं आहे. कुलूप त्याला जोडून.

आणि मागणी ऐकली जात नाही असं समजू नका. अल्बमच्या पानावर आधी शफलचंच बटण यायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅडेल या गायिकेनं आग्रह धरला की अल्बम कलाकारानं लावलेल्या क्रमानं ऐकला जावा, आणि स्पॉटिफायनं ते बदललं.

परळ_नाका

आपल्यात अ‍ॅडेल कोणी नाही, पण आपण पुष्कळ आहोत. मीही पाठवतो. माझ्यासाठी एक ओळ घाला: हे सगळे नियम बंद करायची सोय राहू द्या.

गोरेगाव_लोकल

घातली. सुधारलेला मजकूर: "१. यादीतली दोन किंवा अधिक गाणी वापरकर्त्याला जोडता यावीत. शफलमध्ये ती एकत्र आणि ठरल्या क्रमानं, मध्ये शांतता न पडता वाजावीत. उदाहरण: विलंबित व द्रुत ख्याल, आरत्या. २. शफलनं आधीच्या दिवसांत वाजलेली गाणी लक्षात ठेवून न वाजलेल्यांना आधी घ्यावं. शफलची स्थिती यादीनुसार वेगळी असावी, हवी ती यादी शफलपासून बंद करता यावी. ३. गीतकार, संगीतकार, गायक, राग, ताल यांचे स्वतंत्र रकाने दिसावेत आणि चुकीची नोंद कळवण्याची सोय प्रत्येक गाण्यापाशी असावी. ४. वरील सर्व नियम वापरकर्त्याला बंद करता यावेत."

आपापल्या अ‍ॅपच्या मदत विभागात हाच मजकूर टाकावा, उदाहरण मात्र आपलं स्वतःचं द्यावं.

मंडळाचा_स्पीकर

टाकला. आरत्यांचं उदाहरण सविस्तर लिहिलंय, कुठल्या दोन आरत्यांमध्ये किती शांतता पडते त्यासकट. जोडलेली फाइल कशी करायची हे कुणाला हवं असेल तर वेगळ्या धाग्यात पायऱ्या लिहितो.

बोरिवली_स्लो

हवंय. आमच्याकडे गौरी-गणपती दोन्ही असतात, आणि साउंड यंदा माझ्या गळ्यात पडलाय.